कचरा आलाय

मशीन नीट चालत असेल तर भाऊ तिकडे फिरकत नाहीत. पावसाळ्याआधी कौलांवर आलेली आंब्याची फांदी कुणी कटरने सरासर उतरवली आणि मंडळी चहाला बसली, तर त्या घराशी भाऊंचं काही देणंघेणं नसतं. पण दोरी ओढून ओढून पोराचा खांदा दुखायला लागला आणि आतून नुसतंच ‘फट्... फट्...’ होत राहिलं, की दोन गडगे ओलांडून भाऊ हजर. अंगणात पाय टेकायच्या आधी निदान होतं.

“कचरा आलाय.”

“कुठे, भाऊ?”

“कार्बोरेटरला! आणखी कुठे येणार?”

श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात भाऊंना बरे दिवस आले ते ३ जून २०२० नंतर. निसर्ग वादळाने नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या, रस्त्यांवर झाडं पडली, आणि कोयत्या-कुऱ्हाडीने भागेना तेव्हा पेट्रोलवरचे कटर आले. वादळ गेलं, कटर राहिले. कुऱ्हाडीला कार्बोरेटर नसतो; त्यामुळे तोवर भाऊंना कुणाची स्कूटर, कुणाचा पाण्याचा पंप एवढ्यावरच भागवावं लागत होतं.

भाऊ स्वतः झाड कापत नाहीत. कापणाऱ्याच्या डोळ्यांत भुसा जातो, कानठळ्या बसतात. भाऊंचा शर्ट कायम इस्त्रीचा, आणि खिशात पेनाच्या जागी लाल मुठीचा बारीक स्क्रूड्रायव्हर. तो बाहेर आला की जाणत्या माणसाने मशीन उचलून घरात न्यावी.

कारण कार्बोरेटरला बाहेरून तीन स्क्रू. ‘एल’ मंद गतीचा, ‘एच’ पूर्ण रेसचा, तिसरा नुसता आयडलचा. चांगला मेकॅनिक त्यांना सगळ्यात शेवटी हात लावतो. आधी एअर फिल्टर काढतो. तो लाकडाच्या भुशाने थापून गेलेला असला तर हवा पुरत नाही, पेट्रोल जास्त होतं, रेस दिली की मशीन गुदमरते. मग प्लग बघतो: टोक बिस्किटी रंगाचं असेल तर ठीक, काळं आणि ओलं असेल तर पेट्रोल ओव्हर. मग टाकीत वाकडी तार घालून नळीच्या टोकाचा फिल्टर बाहेर ओढतो, सायलेन्सरच्या जाळीतली काजळी खरवडतो. कित्येकदा तर इंजिनाचा काही दोषच नसतो, साखळी बोथट असते. लाकडाचे कपचे उडण्याऐवजी पिठासारखा भुसा पडतोय, हे बघायला कार्बोरेटर लागत नाही.

भाऊंचं सगळं उलटं. आणि त्याला कारण आहे. जुना टूथब्रश घेऊन भुसा झाडणाऱ्या माणसाभोवती गर्दी जमत नाही. स्क्रू पाव आटा फिरवून, मान तिरकी करून, डोळे मिटून आवाज ऐकणाऱ्याभोवती जमते. ‘एच’ आत घेतला की पेट्रोल कमी जातं आणि आवाज भजनात पट्टी चढवावी तसा टिपेला पोचतो. “बघ, कशी गातेय!” गातेय खरी. पण टू-स्ट्रोकच्या पिस्टनला तेल मिळतं ते पेट्रोलमधूनच. पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी. गाता गाता पिस्टन सिलिंडरला चिकटला की मैफल संपली. अशी एक मैफल भाऊंच्या नावावर आहे. तिचा खर्च मशीनवाल्याच्या नावावर.

तेलाच्या बाबतीत त्यांचा हात सढळ. चांगलं टू-स्ट्रोक तेल असेल तर लिटरला २० मिली, म्हणजे ५० ला १, असं बहुतेक मशीनच्या पुस्तिकेत छापलेलं असतं. भाऊ बाटलीच्या बुचाने मोजतात; बूच कुठल्या बाटलीचं, हा प्रश्न गौण. मग धूर एवढा होतो की संध्याकाळी डास येत नाहीत.

एका बाबतीत मात्र भाऊंना मानावं लागतं. स्क्रू हरले की ते पेट्रोलवर येतात. “हल्लीचं पेट्रोल! त्यात इथेनॉल!” हे खोटं नाही. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते हवेतलं पाणी ओढतं, आणि मे महिन्यातलं पेट्रोल टाकीत तसंच ठेवून मशीन दिवाळीला बाहेर काढली तर आतला रबरी डायफ्रॅम कडक झालेला असू शकतो. इतकं माहीत असलेला माणूस ‘टाकी रिकामी करून ठेवत जा’ एवढं कधी सांगत नाही. सांगितलं तर दिवाळीला त्यांना बोलावणार कोण?

परवा शेजारच्या पोराची मशीन दहा मिनिटं झकास चालायची आणि बंद पडायची. भाऊ आले, स्क्रू फिरवले, काही नाही. मग पेट्रोलचा वास घ्यायला टाकीचं झाकण उघडलं. ‘सुस्स’ झालं. भाऊंनी डोळे मिटून वास घेतला, झाकण लावलं, दोरी ओढली, आणि मशीन सुरू! दहा मिनिटांनी पुन्हा बंद. पुन्हा वास, पुन्हा सुरू. दुपारपर्यंत वाडीभर झालं की भाऊंनी नुसतं हुंगलं तरी मशीन चालते. दोघी-तिघी आपापल्या घरचा बिघडलेला मिक्सर घेऊन आल्या.

टाकीला हवा घ्यायचं बारीक भोक असतं. ते बुजलं की पेट्रोल संपत जातं, पण जागा भरायला हवा आत येत नाही, आणि शेवटी टाकी पेट्रोल सोडेनाशी होते. झाकण उघडलं की ती सुटते. पोराने पुस्तिका वाचून हे शोधलं, भोकातून तेलात माखलेल्या भुशाची गोळी काढली आणि भाऊंसमोर धरली.

भाऊ जराही चपापले नाहीत. “मग सकाळपासून मी काय सांगतोय? कचरा आलाय म्हणून!”

यावर कुणाला काही बोलता येईना. मशीन एकसुरात चालू होती. भाऊ तिच्याकडे खिन्नपणे बघत राहिले, आणि मग हात खिशाकडे गेला. “आता एवढं झालंच आहे, तर ‘एच’ जरासा...”

“भाऊ, चहा घ्या,” म्हणत पोराच्या आईने त्यांच्या एका हातात कप दिला आणि दुसऱ्या हातात बशी.