पार्किंगमध्ये विष सांडून निघून गेलेल्या शेजाऱ्यास

मिनियापोलिस, जानेवारी

महाशय,

तुमचे नाव मला ठाऊक नाही, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहिते आहे. इमारतीच्या मागच्या पार्किंगमध्ये तुम्ही गाडीचे कूलंट बदललेत. बॉनेट लावलेत, डबा उचललात, हातही पुसले असतील. जमिनीवरचे हिरवे डबके मात्र तसेच टाकून गेलात. आमच्या बंडूने ते चाटले.

बंडू पुण्याच्या कोथरूडमधला देशी कुत्रा. केस आखूड, अंगाने सडसडीत, आणि हा त्याचा इथला पहिला हिवाळा. त्याच्यासाठी आम्ही कोट घेतला. पायांत बूट चढवायला शिकलो. रस्त्यावर टाकलेल्या मिठाने पंजे चिरतात आणि चाटले तर पोट बिघडते, म्हणून फिरून आल्यावर रोज कोमट पाण्याने त्याचे पाय धुतो. थंडीची सगळी तयारी आम्ही केली होती. तुमच्या बेपर्वाईची तयारी कोणत्या दुकानात मिळते, तेवढे सांगा.

इथे थंडी उणे 20 च्या खाली उतरली की दाराबाहेरचे पाणी थेंबभरही पातळ राहत नाही. कूलंट आणि पाणी निम्मे-निम्मे मिसळले तर ते मिश्रण साधारण उणे 37 अंशांपर्यंत गोठत नाही; इंजिन वाचावे म्हणून ते तसेच बनवलेले असते. म्हणजे त्या दिवशी आख्ख्या आवारात पिण्याजोगी दिसणारी एकच गोष्ट होती, आणि ती तुम्ही सांडलेली होती. हीटरच्या कोरड्या हवेतून बाहेर आलेला तहानलेला कुत्रा दुसरीकडे कुठे जाणार? त्यातून कूलंटमधले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड. अमेरिकेतल्या उत्पादकांनी 2012 मध्ये किरकोळ विक्रीच्या कूलंटमध्ये कडू द्रव्य घालायचे मान्य केले, हे मला माहीत आहे. तेव्हा ती सबब घेऊन माझ्या दारात येऊ नका. कडू लागले म्हणून प्रत्येक जनावर तोंड काढून घेतेच असे नाही, आणि जुने डबे अजून कितीतरी गॅरेजांत पडून आहेत.

तुम्ही काय सांडलेत ते नीट वाचा. मांजराला मारायला किलोमागे दीड मिलिलिटरहूनही कमी शुद्ध इथिलीन ग्लायकॉल पुरते. चार किलोच्या मांजराला जेमतेम चमचाभर. त्याने ते प्यायलाही नको. डबक्यातून चालत जाऊन पंजे चाटले तरी धोका आहे. कुत्र्याला किलोमागे साडेचार मिलिलिटरच्या आसपास. बंडूच्या वजनाच्या कुत्र्याला तुमचे डबके पुष्कळ झाले.

पुढचा प्रकार फार क्रूर आहे. पहिल्या काही तासांत प्राणी दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो, ओकतो, सारखे पाणी मागतो. मग सावरल्यासारखा दिसतो. घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि आत यकृत त्या गोड द्रवाचे ऑक्झॅलिक आम्ल करत असते. त्याचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात. मांजराची मूत्रपिंडे साधारण दिवसभरात, कुत्र्याची दीड ते तीन दिवसांत बंद पडतात. त्यानंतर डॉक्टरांच्या हाती फारसे काही उरत नाही.

बंडू वाचला, कारण त्याला चाटताना आम्ही पाहिले आणि त्याच पावली आपत्कालीन रुग्णालय गाठले. तिथे फोमेपिझोल होते. यकृतातले जे एन्झाइम या द्रवाचे विष करते, त्यालाच हे औषध अडवते. पण ते कुत्र्याला पहिल्या आठ-बारा तासांत आणि मांजराला पहिल्या तीन तासांत मिळावे लागते. बंडूने हे रात्री आमच्या नकळत चाटले असते तर आज हे पत्र वेगळे असते.

'मी काही मुद्दाम केले नाही,' असे तुम्ही म्हणाल. मी मुंबईच्या मुलखातून आले आहे. हे वाक्य काय करू शकते ते आम्हाला ठाऊक आहे. 1986 साली जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरीनमुळे 14 रुग्ण दगावले. त्यात याच कुळातले डायइथिलीन ग्लायकॉल होते, आणि त्या माणसांचीही मूत्रपिंडेच निकामी झाली. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली, तेव्हा पुरवठ्यापासून तपासणीपर्यंत जागोजागी हलगर्जी सापडली. त्यातल्या कोणालाही कोणाचा जीव घ्यायचा नव्हता. जीव तरीही गेले. हेतू नव्हता म्हणून हिशेब मिटत नाही.

आता तुमचे काम सांगते. डबक्यावर मांजराची वाळू किंवा भुसा टाका, द्रव शोषला की भरून पिशवीत घट्ट बांधा आणि ती जागा साबणाच्या पाण्याने घासा. उरलेले कूलंट गटारात ओतू नका. हेनेपिन काउंटीची घातक कचरा घेणारी केंद्रे ब्रुकलिन पार्क आणि ब्लूमिंग्टनला आहेत. तिथे नेऊन द्या. रेडिएटर गळत असेल तर दुरुस्त करा. पुढच्या खेपेस प्रॉपिलीन ग्लायकॉलचे कूलंट आणा. तेही पिण्याचे नव्हे, पण पुष्कळ कमी विषारी आहे. एवढ्या सगळ्याला जितका वेळ लागेल, त्याहून जास्त वेळ आम्ही त्या रुग्णालयाच्या बाकावर काढला आहे. आणि उपचाराचे बिल तुमच्या वाटेकडे डोळे लावून आहे. पुढे या, आणि भरा.

तळमजल्यावर दोन मांजरे आहेत, आणि शेजारच्या बिऱ्हाडात नुकते चालू लागलेले मूल. त्या मुलालाही गोड आवडते.

बंडूची आई

ता. क. हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी, विशेषतः यंदा पहिल्यांदाच थंडीच्या गावी जनावर घेऊन आलेल्यांसाठी: कुत्रा किंवा मांजर अचानक झिंगल्यासारखे चालू लागले तर सकाळची वाट पाहू नका. फिरायला गेल्यावर कुठे डबके दिसले होते ते डॉक्टरांना सांगा. आणि वाटेत ते शहाण्यासारखे उभे राहिले, शेपूट हलवू लागले, तरी गाडी परत फिरवू नका.