गराज रिकामंच आहे

"अगं, इकडे ये कुंपणापाशी. हे घे दोडके. चारच राहिलेत, बाकीचा वेल हरणांनी संपवला."

"काकू, काल रात्री काकांचा आवाज येत होता. भांडण नाही ना?"

"आमच्यात कुठलं? भांडायला ऐकणारा माणूस लागतो. फोनवर ओरडत होते, त्या गाडीच्या डीलरवर."

"म्हणजे ती कॉर्व्हेट? अजून?"

"अजून! 2021च्या ऑक्टोबरमध्ये ती झी-ओ-सिक्स जाहीर झाली. दुसऱ्या दिवशी दात घासायच्या आधी यांनी फोन लावला. हजार डॉलर डिपॉझिट. पावती अजून फ्रिजवर आहे, बालाजीच्या मॅग्नेटखाली. मला वाटलं, नोंदवली म्हणजे मिळणार. अगं, नोंदवली म्हणजे नुसती नोंदवली."

"असं कसं?"

"गाड्या होतात केंटकीत, बोलिंग ग्रीनला. होतात त्याही मोजक्या. कुठल्या दुकानाला किती, ते त्या दुकानानं आधी किती कॉर्व्हेट विकल्या त्यावर ठरतं. त्याला ॲलोकेशन म्हणतात. हा शब्द मला आता झोपेत ऐकू येतो. आमच्या दुकानाला मिळणार दोन-चार, आणि यांचा नंबर एकविसावा! तेही कळलं आठ महिन्यांनी. रेशनच्या दुकानात निदान दाराशी फळा तरी असायचा."

"पण ऑर्डर गेली ना कंपनीकडे?"

"ती 1100वर बसलीय. आकडे असतात त्याचे. 1100 म्हणजे दुकानदाराच्या कॉम्प्युटरमध्ये तुमचं नाव आहे, एवढंच. 2000 म्हणजे कंपनीनं ऑर्डर घेतली, 3800 म्हणजे गाडी बनून झाली, 6000 म्हणजे तुमच्या ताब्यात. हे रोज सकाळी संध्या केल्यासारखे उठून बघतात. 1100. ग्रीन कार्डाला आम्ही कितीतरी वर्षं थांबलो, पण तिथे तारीख मुंगीच्या पावलानं का होईना, सरकायची तरी."

"दुसरं दुकान बघायचं मग."

"बघितलं की. पेनसिल्व्हेनियातला एक जण म्हणाला, गाडी उभी आहे, उद्या घेऊन जा. गेलो. लालभडक. काचेवर तो किमतीचा कागद असतो ना, तो मॉन्रोनी नावाच्या सिनेटरनं 1958 साली कायदा करून लावायला लावला, गिऱ्हाइकाला खरी किंमत कळावी म्हणून. त्यावर एक लाख अठरा हजार. आणि त्याच्याच शेजारी दुसरा कागद, दुकानाचा. 'मार्केट ॲडजस्टमेंट', साठ हजार."

"साठ हजार वर? कंपनी काही बोलत नाही?"

"काय बोलणार? ती छापलेली किंमत नुसती सुचवलेली असते, 'सजेस्टेड', तसं नावातच आहे. तू नाही का लेकाला लवकर झोपायला सुचवतेस? तसंच. बरं, थेट कंपनीकडून घ्यावी तर कायदा आडवा, मधे डीलर हवाच. आपल्या न्यू जर्सीत टेस्लासाठी 2015मध्ये कायदा बदलला, तोही चार दुकानांपुरता. शेवर्लेनं मग एक शक्कल काढली. वर्षभर गाडी विकू नका, पाच लाख पॉइंट देतो, म्हणजे पाच हजार डॉलरचे. आणि आधी विकलीत तर पुढच्या मालकाला वॉरंटी नाही. म्हणजे लगाम कुणाला? गिऱ्हाइकाला. साठ हजारांचा कागद चिकटवणारा मोकळा."

"मग काका काय म्हणाले?"

"हे काय म्हणाले, ऐकलंच नाही. मी तिथे उभी राहून हसत सुटले. सेल्समनला वाटलं, बाईला गाडी आवडली. अगं, हा तर ऑन!"

"ऑन?"

"तुझा जन्मही नसेल झालेला. बाबांनी चेतक नोंदवली होती. आम्ही चिंचवडला, आकुर्डीचा कारखाना सायकलच्या अंतरावर, आणि स्कूटरला नऊ वर्षं! कारखान्याचा भोंगा घरात ऐकू यायचा, स्कूटर काही यायची नाही. एकदा का नंबर लागला की काही जण वर पैसे घेऊन गाडी दुसऱ्याला द्यायचे. त्या वरच्या पैशांना म्हणायचे ऑन. अगदीच घाई असली तर परदेशातल्या नातेवाइकाकडून डॉलर मागवायचे. परकीय चलनात पैसे भरले की स्कूटर लवकर. शेजारच्यांनी तशीच आणली, भाचा होता शिकागोला. बाबा ओसरीवरून त्यांची चेतक बघत म्हणायचे, आपलं कुणी अमेरिकेत असतं तर! आता मी अमेरिकेत आहे, डॉलर घेऊन दुकानात उभी आहे, आणि समोर पुन्हा ऑन. नाव तेवढं इंग्रजी."

"दिले नाहीत ना साठ हजार?"

"छे! येताना तासभर गप्प. मग हळूच म्हणाले, सहाशे सत्तर हॉर्सपॉवर. मी म्हटलं, शनिवारी ओक ट्री रोडवर पार्किंग शोधताना त्यातले किती लागतात? पुन्हा गप्प."

"आणि काल?"

"काल आपल्या इथल्या डीलरचाच फोन. नंबर लागला म्हणे! पण यांनी मागितली होती कूपे, आलं ॲलोकेशन कन्व्हर्टिबलचं. आणि वर 'फक्त' तीस हजार. डिपॉझिट घेताना तोंडी सांगितलं होतं, छापील किमतीला देऊ म्हणून. लिहून नाही घेतलं. जन्मभर लोकांचे हिशोब तपासले या माणसानं, दूधवाल्याच्या खाड्याची वही ठेवायचा! तिथेच तापले. तो शांतपणे म्हणतो, तुम्ही नाही तर यादीतला पुढचा घेईल. आणि घेईलच गं, तेच तर दुखतंय."

"डिपॉझिट तरी मिळेल ना परत?"

"सहा ते आठ आठवडे. घेताना कार्ड कसं सर्रकन ओढलं होतं."

"संपलं म्हणायचं."

"कुठलं संपतंय! आज पहाटे ओहायोतल्या एका दुकानात नाव घातलं. ते छापील किमतीला देतात म्हणे. पुढे चौऱ्याहत्तर जण आहेत. आणि गराज दोन वर्षं रिकामं, खाली इपॉक्सी मारून आरशासारखं केलेलं. हिवाळ्यात माझी सिएना व्हॅन बाहेर बर्फात, आणि सकाळी काच खरवडते मी."

"काकू, एक विचारू? यंदा आमचं मखर जरा मोठं झालंय. गणपतीपर्यंत तुमच्या गराजमध्ये ठेवलं तर?"

"ठेव की, त्यात काय विचारायचं? थांब हं. अहो! ऐकलंत का? हिचं मखर ठेवू का गराजमध्ये? … ऐकलंस काय म्हणतात? ठेवा, पण डाव्या भिंतीला. मधेच फोन आला तर गाडी आत यायला जागा हवी."