व्हरांड्यातलं सरकार

सातवा एडवर्ड १९०१ साली इंग्लंडच्या गादीवर बसला आणि १९१० साली गेला. तेवढ्यात इकडे खानदेशाची वाटणी उरकली. १९०६ साली एका जिल्ह्याचे दोन झाले. पश्चिम खानदेश धुळ्याकडे राहिला, पूर्व खानदेश जळगावच्या वाट्याला आला. भाऊ वेगळे निघाले की आधी दुसरी चूल मांडावी लागते, तशी जळगावला दुसरी कचेरी मांडावी लागली. दुसरा कलेक्टर, दुसरी तिजोरी आणि ‘साहेब मीटिंगला आहेत’ म्हणणारा दुसरा शिपाई.

त्याच सुमारास मुंबईत जॉन बेग पोस्टाच्या मुख्य कचेरीला विजापूरच्या गोल घुमटाचा थाट देत होता. ती इमारत १९१३ साली पुरी झाली. खानदेशात असली चैन कोण करणार? इथे आराखडा काढायला बसलं की पेन्सिल उन्हाच्या हातात जाते. मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो, तेव्हा राजा कुठला आणि शैली कुठली, हे कुणी विचारत नाही. म्हणून इकडच्या त्या जमान्यातल्या कचेऱ्यांचा सरकारी नमुना ठरलेला: काळ्या दगडाच्या जाड भिंती, मान दुखेल इतकं उंच छत, वर मंगलोरी कौलं, दोरीने उघडायच्या झडपा आणि पुढे खांबांचा लांबलचक व्हरांडा.

हा व्हरांडा मुळात साहेबांच्या भिंतीसाठी. ऊन परस्पर बाहेर थोपवलं की भिंत तापत नाही आणि आत साहेबही तापत नाहीत. रयतेची सोय हा त्यामागचा हेतू असेल, असं समजायचं काही कारण नाही. पण रयत कधी नकाशा बघून बसते का? सावली दिसली, बसली. अर्जनवीस आले, स्टॅम्प व्हेंडर आले, टायपिस्टने खांबाला टेकवून टेबल लावलं. बांधाच्या भांडणातले दोघे आपापल्या भाकरी सोडून एकाच सावलीत जेवायला लागले. निम्मे तंटे आत पुकारा होण्याआधी इथेच मिटत असावेत.

“साहेब शेतस का भो?”

“शेतस. पण मीटिंगमा शेतस.”

एवढ्या संवादावर सबंध दुपार निघते, कारण बसायला जागा थंड असते.

एखाद्या खांबाजवळ जाऊन पाहा. छातीच्या उंचीवर जांभळ्या डागांची दाटी दिसते. अंगठा उठवून झाला की शाई पुसायची कुठे? धोतर घरचं असतं, खांब सरकारी. बांधकाम खात्याने नक्षीचा खर्च वाचवला होता, तो पिढ्यान्‌पिढ्यांनी अंगठ्याने भरून काढला. दर दिवाळीला चुना फासला तरी पाडव्यानंतर नवी नक्षी सुरू!

वाटणीची हौस पुढेही फिटली नाही. १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळं झालं. पण हल्ली कचेरी बांधायची म्हणजे काचा, लिफ्ट आणि एसी. सगळी थंडी आत आणि माणसं फरशीवर उन्हात. मग कुणीतरी निवेदन देतं, फाईल फिरते आणि चकचकीत काचांसमोर पत्र्याची शेड उभी राहते. तिच्याखाली पहिला येऊन बसतो तो स्टॅम्प व्हेंडर. एडवर्डच्या काळात जे आराखड्यातच होतं, त्यासाठी आता वेगळं टेंडर काढावं लागतं.