पासिंग

डिचोलीच्या बाजारात 'कापुचिनो कुठे राहतो?' असं विचारलंत तर कोणी कॉफीच्या दुकानाकडे बोट दाखवणार नाही. "वरच्या वाड्यावर जा, चिऱ्यांचं बुटकं गॅरेज दिसेल, तेच घर," असं सांगतील. आणि वर विचारतील, "आली काय हो गाडी?"

गाडी आलेली नाही. गाडीची फाइल मात्र आहे, आणि ती आता एका फायलीत मावत नाही.

गाडीचं नाव सुझुकी कापुचिनो. १९९१ ते १९९८ या काळात जपानात बनलेली दोन सीटची स्पोर्ट्‌स कार. इंजिन ६५७ सीसी, म्हणजे आपल्या मारुती आठशेहूनही लहान. पण त्याला टर्बो, आणि ताकद मागच्या चाकांना. वजन सातशे किलोच्या आसपास. छपराचे तुकडे काढून डिकीत ठेवता येतात. जपानात एवढ्या चणीच्या गाड्यांना कर कमी, म्हणून अभियंत्यांनी सगळी मस्ती त्या मापात बसवली. आमच्या मित्राचा मामा तारवटी. त्याने योकोहामाच्या बंदराबाहेर उभ्या असलेल्या लाल कापुचिनोला टेकून फोटो काढला आणि चवथीला येताना भाच्याला आणून दिला. बास. मुलाने त्या दिवसापासून मामाकडे कधी पाहिलं नाही, फोटोतल्या मामाकडेसुद्धा नाही. आईला अनेक वर्षं वाटत होतं की पोराला हॉटेल काढायचंय. ती म्हणायची, "कॉफीचें दुकान घालता जाल्यार बसस्टँडार घाल, थंय गिरायक मेळटा."

पुढे तो खाणीवरच्या टिपरांचे कागद करू लागला. विमा, फिटनेस, परमिट, पासिंग. लाल धुळीच्या त्या दिवसांत डिचोलीत ज्याच्याकडे टिपर नाही त्याच्याकडे निदान टिपरवाल्याची सोयरीक असे, आणि ह्याच्याकडे सगळ्यांचे कागद. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या, मध्ये थोड्या हलल्या, आणि २०१८ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा ठप्प झाल्या. टिपर माडांखाली उभे राहिले, त्यांच्यावर वेली चढल्या. माणसाला कागदांची सवय आणि कागद तर संपलेले. अशा वेळी लोक दारू धरतात. ह्याने आयात धोरण धरलं.

पहिल्या वाचनात त्याला आनंदाने झोप लागली नाही. गाडी आणायची तर स्टिअरिंग उजवीकडे हवं; कापुचिनोचं उजवीकडेच. स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये हवा; आहे. दिवे डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीला जुळणारे हवेत. जपान डावीकडूनच चालतं. "एकेक गुण जुळतोय रे," तो मला फोनवर म्हणाला होता, पहाटे पाच वाजता. मग दुसऱ्या पानावर मुलीचं वय आडवं आलं. जुनी गाडी आणायची असेल तर ती बनल्यापासून तीन वर्षांच्या आतली हवी. शिवाय ती फक्त मुंबई बंदरातच उतरायला हवी. गाडी डिचोलीच्या बगलेतल्या मुरगावला लागून चालत नाही.

ह्या तीन वर्षांच्या अटीने त्याला जे दुःख दिलं ते फक्त हिशेबी माणसालाच होऊ शकतं. १ एप्रिल २००१ ला आयातीवरचे उरलेसुरले संख्याबंध निर्बंध उठले आणि जुन्या गाड्यांना अटींसह दार उघडलं. शेवटच्या कापुचिनो १९९८ च्या. म्हणजे २००१ साली काही महिने असे होते, मोजून काही महिने, की कायद्याच्या फटीतून एखादी कापुचिनो आत येऊ शकली असती. "मी तेव्हा नववीत होतो," तो सांगतो, आणि असा गप्प होतो की ऐकणाऱ्याला वाटावं, ह्याच्या घरात त्या वर्षी कोणी गेलं.

जकातीचा हिशेब त्याला तोंडपाठ. जुन्या गाडीवर २०१३ पासून सीमाशुल्क १२५ टक्के. २०२५ च्या अर्थसंकल्पात ते ७० झालं तेव्हा बाजारातले लोक अभिनंदन करायला आले. ह्याने त्यांना बसवून सांगितलं की वर ६७.५ टक्के कृषी उपकर बसला आहे, म्हणजे उजव्या खिशातलं डाव्या खिशातून. गाडीवर शेतीचा उपकर का, असं एका शेतकऱ्याने विचारलं. ह्याने तेही समजावलं. शेतकऱ्याला पटलं नाही, पण तो चहा पिऊन गेला. मात्र त्याच वर्षी २२ सप्टेंबरला बाराशे सीसीच्या आतल्या छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ वर आला तेव्हा ह्या गृहस्थाने खरोखर पेढे वाटले. "शंभर रुपयांची गाडी आता दोनशे ऐंशी रुपये पंचवीस पैशांत पडते!" जी गाडी आणताच येत नाही तिच्यावर दहा टक्के वाचवल्याचा पेढा मी खाल्ला आहे. चांगला होता.

२०१८ मध्ये सरकारने परदेशी कंपन्यांना सवलत दिली: ठरावीक परदेशी दर्जाच्या गाड्या वर्षाला २५०० पर्यंत इथल्या चाचणीशिवाय आणता येतील. हा म्हणाला, "मला एकच हवी. चोवीसशे नव्याण्णव मी परत करतो." पण सवलत कंपनीला, टिपरचे कागद करणाऱ्याला नव्हे. पुण्याला एका लग्नाला गेलो तेव्हा मुहूर्त चुकवून तो मला वेताळ टेकडीकडे घेऊन गेला. तिथे एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था आहे. फाटकासमोर त्याने चपला काढल्या नाहीत एवढंच. रखवालदाराने विचारलं, काय काम आहे? "अजून काही नाही," हा म्हणाला.

सचिन तेंडुलकरचं नाव काढायची मात्र सोय नाही. ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केल्यावर त्याला भेट मिळालेल्या फेरारीवरची सुमारे १ कोटी १३ लाखांची जकात आधी माफ झाली, ओरड झाली, आणि शेवटी ती फियाट कंपनीने भरली. "माझी २९ शतकं व्हायला वेळ आहे," तो म्हणतो, "आणि फियाट मला ओळखत नाही."

मग हरमलचं प्रकरण. थंडीच्या दिवसांत पेडण्याच्या किनारपट्टीवर माडांच्या सावलीत युरोपातून रस्त्याने आलेल्या व्हॅनी उभ्या असतात. डाव्या स्टिअरिंगच्या, ज्यांना इथे कोणी पासिंग करून देणार नाही अशा. ह्याची सासुरवाड पेडण्यात. जावईबापू सोलकढी अर्धी टाकून उठले आणि एका गोऱ्या आजोबांच्या व्हॅनपाशी जाऊन विनयाने म्हणाले, तुमची कार्ने बघू का? कार्ने म्हणजे गाडीचा पासपोर्ट: येताना एक पावती फाटते, जाताना दुसरी, जकात नाही, पण सहा महिन्यांत गाडी परत देशाबाहेर. आजोबांनी चहा दिला. ह्याने पानन्‌पान वाचलं आणि घरी येऊन बायकोला सांगितलं, "मला परदेशी व्हावं लागेल."

गोव्यात हे म्हणणं वाटतं तितकं वेडगळ नाही. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी इथे जन्मलेल्यांना, त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं. आजोबांचा जन्मदाखला तर ह्याच्या फायलीत लॅमिनेट होऊन पडला होता. २०२० पर्यंत लोक त्या पासपोर्टवर लंडनला जाऊन गोदामात खोकी उचलायचे. हा त्यावर डिचोलीत परत येणार होता. योजना अशी: पोर्तुगीज व्हायचं, लिस्बनला राहायचं, तिथून कापुचिनो घेऊन कार्नेवर यायचं, सहा महिने मये तळ्याभोवती फिरवायची, मग परत. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. "आणि रेशनकार्ड?" त्यांनी विचारलं. तिथे ते साम्राज्य कोसळलं. तरी पोर्तुगीजांबद्दल त्याच्या मनात ओलावा राहिलाच. पोर्तुगालने १९२८ साली स्वतःची वाहतूक उजवीकडे नेली, पण शेजारी ब्रिटिश हद्द म्हणून गोव्याला डावीकडेच ठेवलं. "कापुचिनोची सोय तेव्हाच केलेली," असं तो भक्तिभावाने सांगतो.

घरात खरं भांडण नंबरावरून झालं. गाडीला जीए-०४ घ्यायचा, डिचोलीचा, की जीए-११, पेडण्याचा? वहिनींचं म्हणणं, गाडीसाठी माहेरच्या गणपतीला नवस मी बोललेय, नंबर आमचा. ह्याचं म्हणणं, गॅरेज डिचोलीत. दोन्हीकडच्या मंडळींनी पुनवेला आणि चवथीला हा विषय लावून धरला. एका मेव्हण्याने तर दोन वर्षं जेवणाचं आमंत्रण घेतलं नाही. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. पन्नाशी गाठलेली, मूळ रूपात राहिलेली गाडी. नोंदणीची फी २० हजार, दहा वर्षांनी नूतनीकरण ५ हजार. आणि नंबरप्लेटवर राज्याची अक्षरं, मग व्हीए, मग पुढची अक्षरं-आकडे. तालुक्याचा आकडाच नाही! दोन्ही घराणी एकदम हरली, मेव्हणा जेवायला आला.

आणि ह्याला मिळाली तारीख. पहिल्या कापुचिनो नोव्हेंबर १९९१ मध्ये आल्या. त्या नोव्हेंबर २०४१ मध्ये पन्नास वर्षांच्या. "पन्नाशी झाली की ती जुनी राहत नाही, व्हिंटेज होते," तो म्हणतो. आपल्याला हे लागू नाही, याची खंत त्याला नाही. तोवर तो पंचावन्नचा असेल. व्हिंटेज गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर आणता येत नाही. फक्त प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती आणि इंधन भरणं एवढ्यासाठी. म्हणून त्याने पेट्रोलपंपांचा अभ्यास सुरू केलाय. घरापासून सर्वांत लांबचा, वाटेत वळणं भरपूर आणि टाकी लवकर रिकामी होईल असा पंप त्याला हवाय. "आणि बाजारातून भाजी आणायला?" वहिनी. "ते तांत्रिक संशोधनात बसवता येईल काय ते बघतो."

त्याला वाट दाखवणारे कमी आले नाहीत. साखळीचा एक मिस्त्री म्हणाला, भाई, गाडी कापून अर्धी-अर्धी आणू, मारुती आठशेच्या चासी नंबरावर चढवू, आरसी बुक आठशेचंच. ह्याने त्याला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचून दाखवलं, मग त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल, मग चहा. मिस्त्री आता दुसऱ्या रस्त्याने जातो. गेल्या पावसाळ्याआधी मोर्जीतल्या कुणा बंगलेवाल्याचा एजंट आला होता. भूतानमार्गे आलेली, डोंगराळ राज्याचा नंबर पडलेली काहीतरी भारी गाडी आहे, घेता? सप्टेंबरात केरळात जकात खात्याने अशाच गाड्यांवर छापे घातले, मोहिमेचं नावच 'नुमखोर', भूतानच्या भाषेत वाहन. मी बातमी दाखवायला गेलो तर हा रागावलेला. छाप्यांबद्दल नव्हे. "इतका अभ्यास करून मी खोट्या कागदांची गाडी घेऊ?" मला तेव्हा प्रथमच शंका आली की उद्या सरकारने कापुचिनोला सरळ परवानगी दिली तर हा माणूस कोसळेल.

ते बुटकं गॅरेज त्याने चार वर्षांपूर्वी बांधलं. कापुचिनो ३२९५ मिलिमीटर लांब, १३९५ रुंद. दरवाजा उघडण्यापुरती जागा धरून चिरे रचले, उंचीही तिच्याच बेताची. सध्या आत नारळ, माटोळीची लाकडं आणि फायली असतात. घरची अल्टो थोडी लांब, थोडी रुंद, आणि बरीच उंच असल्याने तिथे जात नाही. ती अंगणात भिजते.

परवा धो धो पाऊस होता. आम्ही व्हरांड्यात बसलो होतो. वहिनी अल्टोकडे बघत म्हणाल्या, "त्या गॅरेजची एक भिंत पाडून दोन हात वाढवा आणि वर पत्रे घाला. गाडी कुजली सगळी."

मला वाटलं, आता हा चिडणार. तो उठला, पावसात जाऊन पावलांनी अंतर मोजून आला. अंग पुसायच्याही आधी कपाटातून कोरी फाइल काढली.

"वाढीव बांधकाम म्हणजे पंचायतीचं लायसन," त्याच्या डोळ्यांत मी पुष्कळ दिवसांनी ती चमक पाहिली. "आधी एक-चौदाचा उतारा काढावा लागेल. मग सर्व्हे प्लॅन. आणि शेजारी आजोबांच्या वेळचा वाटा आहे, त्यांची ना हरकत... वहिनीला सांग, चहा टाक. वेळ लागणार."

वहिनी समोरच बसल्या होत्या.