झिजायचं कुणी?

पोखर्णीच्या नृसिंहाला तलवार लागली नाही की गदा लागली नाही. हिरण्यकशिपूचा तो अवाढव्य देह, तीन लोकांत दरारा, आणि काम कुणी केलं? नखांनी. परभणीहून गंगाखेडकडे जाताना लागणाऱ्या या गावच्या रेल्वे स्टेशनच्या पाटीवरही देवाचंच नाव आहे. अशा देवाकडून डीजेवाल्यांनी थोडं शिकायला हरकत नव्हती. वैशाखात नृसिंहजयंती आणि लग्नतिथी यांची एकच गर्दी उडते. त्या दिवसांत ट्रॉलीवर माणसापेक्षा उंच बॉक्स लादून डीजे निघाला की लहानथोर त्या बॉक्सांकडेच बघत राहतात. या आवाजाला नख कुठलं, हे कुणी विचारत नाही.

आता ते नखच राहिलेलं नाही. गाणी पेनड्राइव्हमध्ये असतात आणि पेनड्राइव्ह डीजेच्या खिशात. पण एके काळी सगळ्या नाचगाण्याचा भार एका सुईच्या टोकावर होता. हा विषय आमच्या घरात शिरला तो पुण्यात नोकरी करणाऱ्या भाच्यामुळे. दोन टर्नटेबल मांडून जुन्या रेकॉर्डी एकमेकींत मिसळायचा छंद त्याला लागला आहे. सुटीला आला की विचारतो, "मामा, काट्रिज कोणतं घेऊ?" काट्रिज म्हणजे सुई धरून तिची थरथर विजेत बदलणारा छोटा ठोकळा. मुलगी कोणती पाहू, हे विचारायच्या वयात हा सुई कोणती घेऊ विचारतो. मी दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर देतो: झिजायचं कुणी, ते आधी ठरव.

कारण सुई आणि रेकॉर्ड एकमेकींवर घासणार, हे अटळ. जुन्या 78 फेऱ्यांच्या तबकडीत याचा फैसला आधीच झालेला होता. ती तबकडी लाखेची. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर राहणाऱ्या किड्यांची लाख, आणि तीत मिसळलेली दगडाची बारीक पूड. त्या पुडीवर घासून पोलादी सुई पहिल्या काही फेऱ्यांतच खाचेच्या मापाची होई. म्हणजे झिजायचं ते सुईनं. एक बाजू वाजली की सुई टाकायची आणि डबीतून नवी काढायची, असा कंपनीचा दंडक. मोठ्या आवाजाला जाड सुई, हळू आवाजाला बारीक. विलायतेतले काही हळवे शौकीन तर तबकडीला इजा नको म्हणून बांबूच्या सुया आणि निवडुंगाचे काटे वापरत. ही खबर वेळेवर आमच्या बाभळींपर्यंत आली असती, तर परभणी जिल्ह्याची निर्यात कापसावर थांबली नसती. अर्थात दंडक कंपनीचा होता, घरातल्या काटकसरीचा नव्हे. एकाच सुईवर अख्खं लग्न उरकणारेही होतेच. मग झिजण्याची पाळी तबकडीवर येई.

1948 साली विनाइलची एलपी आली आणि न्याय उलटा झाला. खाच बारीक झाली, सुईला नीलम किंवा हिऱ्याचं टोक आलं. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड. एलपीच्या सुईच्या टोकाची त्रिज्या 18 मायक्रॉनच्या आसपास. हिरा कठीण, विनाइल मऊ, तेव्हा झीज कुणाची हे सांगायला पंच नको. तरी वजन बेताचं असेल तर दोघींचं बरं चालतं. पण आमच्याकडच्या लाऊडस्पीकरवाल्याला बेत कुठून परवडणार? लिंबाला कर्णे बांधलेले, प्लेअर डुगडुगत्या टेबलावर, भोवती पोरांची पळापळ. सुई उडी मारे आणि गायक एकाच ओळीवर अडकून बसे. मग सुईच्या दांडीवर चार आण्याचं नाणं ठेवायचं. ते स्टीलचं नाणं पावणेतीन ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चांगल्या सुईला जेवढा भार पुरतो तेवढाच वरून आणखी. गाणं पुढे सरके. रेकॉर्ड मात्र मुकाट्यानं खरवडली जाई.

तिकडे न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात 1970च्या दशकाच्या मध्यात यापुढची गंमत झाली. आवाज कमी कर म्हणून आई दारात येऊन ओरडली, तेव्हा थिओडोर नावाच्या पोरानं फिरती रेकॉर्ड हातानं धरून ठेवली आणि बोलता बोलता मागेपुढे केली. त्यातून निघालेला खरखराट त्याला आवडला. पुढे तो ग्रँड विझर्ड थिओडोर म्हणून गाजला आणि 'स्क्रॅच'चा जनक म्हणवला गेला. आईचं बोलणं वाया जात नाही, ते असं.

या खेळाला सुई वेगळी लागते. घरी डोळे मिटून ऐकणारा लंबगोल टोकाची घेतो. ते खाचेच्या बारीकसारीक वळणात शिरतं आणि दीड-दोन ग्रॅमवर समाधानानं चालतं. डीजेला मात्र गोल टोक हवं. वखर पुढे ओढायचं अवजार. दगड ठेवून दाबा, चालेल, पण उलटं ढकललं तर जमीनही बिघडेल आणि वखरही. लंबगोल टोकाचं तसंच. गोल टोक दोन्ही दिशांना सारखं, म्हणून डीजे तीन-चार ग्रॅम भार देऊन ते हवं तसं मागेपुढे नेतो. शुअर कंपनीचं एम 44-7 याच कामासाठी नावाजलेलं. ते साडेनऊ मिलिव्होल्ट द्यायचं, घरगुती काट्रिजच्या साधारण दुप्पट, आणि हलवाहलवीत खाच सोडत नसे. डेन्मार्कच्या ऑर्टोफोननं 1979 साली काँकॉर्ड काढलं. विमानाच्या नाकासारखं, थेट दांडीत बसणारं. बाकीची काट्रिजं दांडीच्या टोकाच्या हेडशेलमध्ये स्क्रूनं पिळून लाल, पांढऱ्या, हिरव्या, निळ्या तारा चिमट्यानं जोडत बसावं लागतं. 2018 साली शुअरनं काट्रिजचा धंदाच बंद केला, तेव्हा जगभरच्या डीजेंनी उरलेल्या सुया साठवायला सुरुवात केली.

एवढं करूनही डीजेच्या रेकॉर्डीत गाण्याची सुरुवात आधी बिघडते, कारण तिथेच सुई पुनःपुन्हा मागेपुढे होते. सगळी कोरी, फक्त आरंभी खरखर.

म्हणून भाच्याला सांगितलं, "गोल टोकाचं घे, सुई वेगळी बदलता येईल असं. तीन ग्रॅमवर चालतंय तर चार देऊ नकोस. बाजारात दुसरी प्रत मिळते त्याच रेकॉर्डीवर खरखराट कर. आजोबांच्या 78च्या तबकड्या मात्र जाड टोकाच्या वेगळ्या सुईनं ऐकायच्या, नुसत्या ऐकायच्या."

"म्हणजे दोन काट्रिजं?"

"दोन. ज्याची भरपाई होते त्यानं झिजावं."

तो हिशेब करत गप्प झाला. तेवढ्यात रस्त्यानं वरात आली. खिडकीची तावदानं थरथरली, ताटातला चमचा आपोआप सरकला. पेनड्राइव्ह काही झिजत नाही. सुई गेली, घासाघीस गेली, पण झीज गेली नाही. ती वऱ्हाडाच्या वाट्याला आली. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल ही मर्यादा 2000 सालच्या नियमांत लिहिलेली आहे, आणि त्या बॉक्ससमोर कडेवर पोरं घेऊन बायका उभ्या होत्या. कानाच्या आतल्या सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्यांची बदली सुई परभणीच्या बाजारात मिळत नाही, आणि ऑर्टोफोनला पत्र लिहिलं तरी डेन्मार्कहून यायची नाही.