यंदा नुसती पालवी

हापूसच्या कलमाला एक गोष्ट जमते, जी मला आजवर कुठल्याही साहेबापुढे जमलेली नाही. एक वर्ष भरभरून आंबा दिला की पुढच्या वर्षी ते सरळ अंग काढून घेतं. रजेचा अर्ज नाही, डॉक्टरचं सर्टिफिकेट नाही. राजापूरकडच्या आमच्या मामाला फोन करून पेट्यांची चौकशी केली की तो निवांत सांगतो, "यंदा काय खरं नाय रे, सगळी पालवीच आलेय." आवाजात राग नाही, लाज तर नाहीच. माझ्या बायकोनेही माझ्याबद्दल तिच्या वडिलांना कधीतरी याच आवाजात सांगावं, एवढीच माझी इच्छा आहे.

यामागचं शास्त्र मामाला पाठ आहे. फळं पोसता पोसता झाडातला साठा संपतो. मग वेळेवर पालवी येत नाही, ती जून होत नाही, आणि थंडी पडली तरी मोहोराचा पत्ता नसतो. झाडाला आधी स्वतःचं बघायचं असतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसच्या संकरातून 'रत्ना' नावाची जात काढली, ती मात्र दरवर्षी नेमाने फळते. आमच्या ऑफिसातही रत्ना जातीचे दोघे-तिघे आहेत. दर तिमाहीला नवा कोर्स, रविवारी पहाटे सायकलवरून लोणावळा आणि सोमवारी त्याचे फोटो.

बाकीच्यांसाठी पॅक्लोब्युट्राझोल. एवढं नाव घेईपर्यंत आंबा पिकेल, म्हणून कोकणात सगळे कल्टारच म्हणतात. जुलै-ऑगस्टात बुंध्याभोवती खड्डे मारून ते पाण्यातून ओततात. झाडाचा घेर मोजून माप ठरतं. मग पालवी थबकते आणि झाड मुकाट्याने मोहोराला लागतं. (वाढ रोखून फळ घ्यायचं! हे ऐकल्यावर मला आमच्या एचआरचं धोरण एकदम उलगडलं.) वर खत वाढवून द्यावं लागतं, नाहीतर झाड खंगतं. खताची ही अट आमच्या ऑफिसपर्यंत अजून पोचलेली नाही. मामा नव्या कलमांना कल्टार घालतो, पण आजोबांनी लावलेल्यांना नाही. "म्हाताऱ्यांना कोण सांगणार?" म्हणतो.

तर आळीपाळीने फुलावं आणि पडावं, या माझ्या मताला आधार म्हणून मी अष्टांगहृदय काढलं. वाग्भट माझ्या बाजूचा निघाला, पण अर्धाच. व्यायाम थंडीत आणि वसंतात करावा, तोही अर्ध्या ताकदीने. एरवी त्याहून कमी. ग्रीष्मात तर दुपारची झोपसुद्धा चालते. म्हणजे मे महिन्यात जेवणानंतरच्या मीटिंगमध्ये माझा डोळा लागतो, तो शास्त्रोक्त आहे. पण पावसाळ्यात दिवसा झोपू नका, असंही हाच गृहस्थ बजावतो. बाहेर धो धो पाऊस आणि पोटात कांदाभजी असताना माणसाने मग करायचं तरी काय, हे तो सांगत नाही.

म्हणून पावसाळ्यापुरता मी पंचांगाकडे वळलो. आषाढी एकादशीला विष्णू झोपतात ते थेट कार्तिकीला उठतात. चार महिने! (त्यातलेच पहिले काही आठवडे मामा गुडघाभर चिखलात भाताची लावणी करत असतो, पण तो काही देव नव्हे.) हा दाखला मी मोठ्या उत्साहाने बायकोपुढे ठेवला.

"देव झोपले की माणसांनी चातुर्मास पाळायचा असतो," ती म्हणाली. "कांदा, लसूण, वांगी बंद. आजपासून करू या?"

दाखला मागे घेतला. तरीही यंदाचं वर्ष माझ्या विश्रांतीचं, असं मी घरात जाहीर करून टाकलं. इंग्रजी सुधारायचं नाही, गिटार शिकायची नाही, पहाटे उठायचं नाही. बायकोने काही न बोलता मामाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"असू दे गो," मामा म्हणाला. "पण बसलेलं झाडसुद्धा रिकामं नसतं. पालवी काढतं. ह्याने काय काढलंय?"

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. नजर मध्येच, शर्टाच्या ताणलेल्या बटणांवर थांबली.

"पालवी काही दिसत नाही, मामा. घेर तेवढा वाढलाय."

"वाढणारच. मोजून ठेव," मामा म्हणाला. "मीटरला तीन मिली पडतं."