मोडीतून दिवाणखान्यात

'अज्ञातवासी' या नावाने कविता करणारे दि. गं. केळकर यांनी अडकित्ते, दिवे आणि वजऱ्या, म्हणजे अंग घासण्याची खरखरीत तळाची धातूची साधने, यांना पुण्यातील आपल्या संग्रहालयात मानाने बसवले. इतर घरांतून मात्र स्टेनलेस स्टीलची चकाकी आल्यावर पितळ मोडीत, म्हणजे घडणावळ सोडून केवळ धातूच्या वजनावर, निघाले. त्याच घरांतील पुढची पिढी आता जुन्या बाजारात पितळी पानाचा डबा मागेल त्या भावाला घेते, आणि विक्रेत्याने तो चिंचेने लख्ख घासला असेल तर नाक मुरडते, कारण कळकटपणा हाच, जाणकारांच्या मते, अस्सलपणाचा दाखला (घरची भांडी घासणाऱ्या बाईंना हे शास्त्र अद्याप पटलेले नाही). सुपारी दातांना सोसत नसल्याने डब्याच्या चुन्याच्या खणात इअरफोन ठेवले जातात.